नावेतली कोरफड

येरंडवाडीच्या कस्तुराबाईला राग आला की ती भांडी घासायला घेते, आणि गेली तीन वर्षं तिच्या घरातली भांडी नुसती लखलखत होती. आता राग कशाचा, तर रानाचा. तिचं सगळं रान मांजरा नदीच्या पलीकडं. खाली बंधारा झाला, पाणी अडलं, आणि ज्या उतारातून गावच्या बैलगाड्या खडखडत पलीकडं जायच्या तो उतार पुरुषभर पाण्याखाली गेला. पाणी आलं हे चांगलंच झालं, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण रान तिकडं आणि माणूस इकडं राहिला, हे ज्यांनी नकाशा काढला त्यांच्या काही ध्यानात आलं नाही. पुलावरून वळसा घालायचा तर अर्धा दिवस मोडतो. गडीमाणसं मोटारसायकली काढून जातात, पेरतात, काढतात, येतात. त्यावर कस्तुराबाईचं काही म्हणणं नव्हतं. तिचं म्हणणं एकाच दिवसाचं होतं, ते म्हणजे येळवशीचं.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूरकडं त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही, सगळं घरदार रानात जातं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीच्या पिठाचे उंडे, खीर आणि आंबील यांचा नैवेद्य दाखवायचा, आणि मग बांधावरून जो कुणी जाईल त्याला हाताला धरून आणून जेवायला बसवायचं. ओळखीचा असो की नसो. पण हे सगळं आपल्या रानात करायचं असतं. कस्तुराबाई तीन वर्षं पुतण्याच्या रानात पाहुणीसारखी जेवून येत होती, आणि जेवताना सारखी नदीपलीकडं बघत होती. ते रान तिनं आणि तिच्या नवऱ्यानं दगड वेचून वेचून उभं केलेलं. नवरा गेला, रान राहिलं, आणि वर्षातून एक दिवसही तिथं चूल पेटू नये याचं तिला खरोखर वाईट वाटायचं.

पहिल्या वर्षी तिनं मोटारसायकलचा प्रयोग करून पाहिला होता. पुतण्या श्रीमंत पुढं, ती मागं, आणि मधे आंबिलीची बिंदगी, म्हणजे घागर. आंबील म्हणजे ताकात आंबवलेलं ज्वारीचं पीठ, ते आधीच फसफसायला टेकलेलं असतं. पुलाच्या अलीकडच्या खड्ड्यात बिंदगीच्या तोंडावरचं दडपण उडालं आणि आंबील श्रीमंतच्या मानेपासून चपलांपर्यंत आली. तिथूनच परत फिरले, तर वाटेत दोन गावांची कुत्री त्याच्या मागं लागली. हा श्रीमंत नंतर सरपंच झाला, तरी गावात त्याला कुणी आंबील प्यायला दिली की लोक अजून त्याच्या पाठीकडं बघतात.

बरं, सरकारनं नाव दिली नव्हती असं म्हणाल तर तसंही नाही. दिली होती की. चांगली लांबरुंद, निळ्या रंगाची, इंजिनाची नाव ट्रकवरून वाजतगाजत आली. पण नावेच्या आधी नावेची वाट बघणाऱ्यांची सोय झाली पाहिजे, असा काहीतरी नियम निघाला, म्हणून नदीकाठच्या उतारावर प्रवासी निवारा बांधला. तोही साधासुधा नाही, हरित. छतावर सोलर, खाली बांबूचं छत, काचेची दारं माणूस जवळ गेलं की आपोआप उघडणारी, दिवे माणूस दिसलं की आपोआप लागणारे. माणूस कुणी जायचं नाही, त्यामुळं विजेची बचत एवढी झाली की हरित इमारतींना दर्जा देणाऱ्या पुण्याच्या संस्थेनं तोंडात बोटं घातली. पाच पानांपैकी चार पानांचा दर्जा सरळ हातात आला. पाचवं पान अडलं ते हिरवळीवर. आवारात झाडं पाहिजेत म्हणे, आणि निवारा उभा होता पक्क्या मुरमावर. तिथं कुदळ मारली तर कुदळच वाकते.

तेव्हा ठेकेदाराच्या डोक्यात नाव आली. एवढी मोठी लांबरुंद वस्तू रिकामीच पडलीय. त्यानं ती निवाऱ्याच्या आत ओढून घेतली, घसरू नये म्हणून पुढं दोन धोंडे लावले, काठोकाठ माती भरली, आणि तुळस, गवती चहा आणि कोरफड लावून दिली. इंजिन धूर सोडतं म्हणून तेवढं काढून ठेवलं. पाचवं पान मिळालं. गावात नावाडी म्हणून पिराजीची नेमणूक झाली होती, त्याला रोज सकाळी नावेला पाणी घालायचं काम लागलं. जगातले बाकीचे नावाडी नावेतलं पाणी बाहेर काढतात, आमचा पिराजी डब्यानं आत ओतायचा. कोरफड मात्र झाली फर्मास. गावातल्या पोरी केसांना लावायला चोरून न्यायच्या.

कस्तुराबाईनं शांत बसून हे पाहिलं असं नाही. नातीच्या फोनवरून तिनं नावेच्या खात्याकडं तक्रारीवर तक्रार केली. प्रत्येक वेळी काहीतरी उत्तर यायचं, नात ते वाचून दाखवायची, आणि कस्तुराबाई उठून भांडी घासायला घ्यायची. शेवटी तिच्या तक्रारींचा एवढा ढीग झाला की मुंबईहून तपासणीला साहेब निघाला.

येळवशीच्या आदल्या दिवशी ती अंगणात बसून भज्जीच्या शेंगा सोलत होती, तेव्हा श्रीमंत घाम पुसत आला. थंडीचे दिवस आणि ह्याला घाम. त्याचं म्हणणं असं की नावेच्या खात्याचा साहेब उद्याच येतोय, आणि त्याला नाव पाण्यात दिसली पाहिजे. ते एक वेळ जमलं असतं. पण पुण्याच्या संस्थेची मॅडमही उद्याच येतेय, पाच पानं खरी आहेत का ते बघायला, आणि तिला नाव निवाऱ्यात, मातीसकट, कोरफडीसकट दिसली पाहिजे. दोघांपैकी एकाला जरी खरं कळलं तरी सरपंचाची धडगत नाही. कस्तुराबाईनं विचारलं, उद्याच कसे काय येतेत? उद्या तर येळवस. श्रीमंत म्हणाला की तेच तर. लातूर जिल्ह्याला सुट्टी असते हे मुंबई-पुण्याला कुठं माहीत? आणि गावात उद्या कुणी असणार नाही, सगळे रानात; थांबवून घेतलं तर तू आणि पिराजी.

त्यानं बेत केला होता तो असा. मॅडम सकाळी येणार, साहेब दुपारनंतर. मॅडमला कोरफड दाखवायची, चहा पाजून लावून द्यायची, मग पिराजीनं आणि त्यानं माती उपसायची, नाव उतारावरून पाण्यात सोडायची, आणि साहेबाला दाखवायची. नावेत एखादं प्रवासी माणूस बसलेलं असलं तर बरं दिसेल. ते माणूस कस्तुराबाईनं व्हावं.

कस्तुराबाईनं शेंगा बाजूला ठेवल्या. ती म्हणाली, "मी बसते. पण एकदा बसले की पल्याड उतरणार. माझी आंबील, माझी भज्जी आन् कोपीचं सामान संगं घेऊन. दाखवायपुरतं बसवून परत उतरवशील तर मी साहेबाला सगळं सांगून टाकते."

श्रीमंतला दुसरा इलाजच नव्हता. तो हो म्हणाला आणि गेला. त्या रात्री कस्तुराबाईनं भांडी घासली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवं लुगडं नेसून, डोक्यावर बिंदगी आणि बगलेत टोपलं घेऊन निवाऱ्यापाशी आली. काचेचं दार तिच्यासाठी आपोआप उघडलं, दिवे लागले, आणि ती जरा दचकलीच. पिराजी कोरफडीची पानं ओल्या फडक्यानं पुसत होता. मॅडम यायची वेळ झाली, टळली, तरी मॅडमचा पत्ता नाही. झालं होतं असं की तिला लातुरात चहा मिळेना. येळवशीला हॉटेलं बंद, दुकानं बंद, रस्त्यावर गाय सोडून कुणी नाही. शहरात काहीतरी भयंकर घडलंय असं वाटून ती एस.टी. स्टँडवर चौकशी करत बसली होती. आणि साहेबाला नेमके तेच रिकामे रस्ते मिळाले, त्यामुळं तो भरधाव वेळेच्या कितीतरी आधी पोचला. दोन गाड्या निवाऱ्यापुढं एकामागं एक येऊन थांबल्या. श्रीमंतचा चेहरा असा पडला की पिराजीनं त्याला आधी खाली बसवलं.

मॅडमचं नाव आरती. वयानं लहान, हातात मोजायची टेप, पोटात चहा नाही. साहेबाचं नाव आदर्श. शर्ट खोचलेला, मुंबईहून निघालेल्या माणसाला शोभेल असा घाईत. दोघं एकमेकांना ओळखत नव्हते. दोघं एकदमच आत शिरले, दोघांनी एकदमच त्या वस्तूकडं बघितलं.

साहेब म्हणाला, "ही नाव आहे."

मॅडम म्हणाली, "हा वाफा आहे."

साहेबानं वाकून बाजूला रंगवलेला नंबर वाचला आणि ही शासनाची प्रवासी नाव असल्याचं सांगितलं. मॅडमनं आपल्या मोबाईलमधला फोटो काढून हे निवाऱ्याचं हरित क्षेत्र असल्याचं दाखवलं, आणि खात्री करायला ती चपला काढून त्यात चढली, टेपचं एक टोक तुळशीला अडकवलं आणि मोजायला लागली. साहेबानं पिराजीला विचारलं, तुम्ही कोण? पिराजी म्हणाला, नावाडी. मग नाव चालवता का, असं साहेबानं विचारलं, तेव्हा त्या बापड्यानं खरं ते सांगितलं, की चालवत न्हाई, पाणी घालतो. साहेबानं हे ऐकून श्रीमंतकडं बघितलं. श्रीमंत छताकडं बघायला लागला.

एव्हाना सूर्य चांगलाच वर आला होता. पलीकडच्या गावांच्या रानांतून धूर निघायला लागले होते, लोकांच्या चुली पेटल्या होत्या. फक्त कस्तुराबाईच्या रानात धूर नव्हता. ती दाराशी बिंदगी धरून हे वाफा-नाव, नाव-वाफा ऐकत होती आणि तिचा संयम सुटत चालला होता. आंबिलीला थांबायचं ठाऊक नसतं, दडपण एकदा उडून पुन्हा बसवावं लागलं होतं. शेवटी ती सरळ पुढं झाली, बिंदगी गवती चहात रोवली, टोपलं कोरफडीत ठेवलं, आणि स्वतः तुळशीशेजारी मांडी घालून बसली.

"पिराजी," ती म्हणाली, "धोंडे काढ."

पिराजीला तीन वर्षांत नावाड्याचा हुकूम पहिल्यांदा मिळत होता. त्यानं विचार केला नाही, धोंडे काढले. नाव क्षणभर जागेवर थबकली, मग कण्हली, आणि चालायला लागली. समोर काचेचं दार. श्रीमंतनं डोळे मिटले. पण त्या दाराला वाटलं असावं की कुणी प्रवासी आलाय, ते आपोआप उघडलं, आणि माती, तुळस, कस्तुराबाई, आंबील आणि हातात टेप धरलेली मॅडम असं सगळं एकदम उतारावरून खाली गेलं. मॅडम माझं हरित क्षेत्र, माझं हरित क्षेत्र असं ओरडत होती. साहेब मागं धावला, कारण नाव पाण्यात जाते की नाही हे बघायलाच तो आला होता, आणि ती पाण्यात टेकता टेकता त्यानं आत उडी घेतली. पिराजीच्या लक्षात आलं की वल्ही नाहीत. त्यानं मागं वळून छताचा एक लांब बांबू उपसला आणि तोही चढला. बांबू हे पर्यावरणपूरक छताचं साहित्य आहे, ते काढलं तर गुण कमी होतील, असं मॅडमनं तिथूनही सांगितलं. श्रीमंत तेवढा काठावर राहिला.

आता नावेचा स्वभाव तरंगण्याचा असला तरी माती भरलेल्या नावेचा तो राहत नाही. मधोमध पोचेपर्यंत पाणी कडेला लागलं. पिराजीला पोहता येत नव्हतं हे त्यानं तेव्हा सांगितलं. साहेबानं परिस्थिती पाहिली आणि ओंजळीनं माती बाहेर टाकायला सुरुवात केली. मॅडम म्हणाली की मातीशिवाय झाडं म्हणजे हिरवळ धरता येत नाही. साहेब म्हणाला की बुडालेली नाव म्हणजे सेवा धरता येत नाही. दोघांचंही बरोबर होतं, पण पाणी कुणाचं ऐकून घेत नव्हतं. मग कस्तुराबाईनं निकाल दिला. माती टाका, झाडं ठेवा. झाडं मुळासकट उपटून मांडीवर घ्या. झालं, साहेबाच्या मांडीवर कोरफडी आल्या, मॅडमच्या पदरी तुळस, पिराजीच्या काखेत गवती चहा, आणि सगळे मिळून माती उपसायला लागले. मांजरेत एवढी काळी माती एकाच वेळी कुणी टाकली नसेल. कस्तुराबाईनं कशाला हात लावला नाही. तिनं बिंदगी पोटाशी धरली होती.

नाव हलकी होऊन उचलली गेली, पिराजीनं बांबू टेकवला, आणि नाव पलीकडच्या चिखलात रुतली. कस्तुराबाई उतरली. चिखलात उभं राहून तिनं आपलं रान बघितलं. हरभऱ्याला घाटे धरले होते, ज्वारी डोक्याएवढी झाली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पुसलंही नाही. तीन वर्षं नुसतं लांबून बघितलं होतं, आता पायाखाली होतं.

मग ती वळली आणि म्हणाली की मुळं उघडी ठेवून झाडं धरून काय बसलाय, मरतील ती. मॅडमच्या चेहऱ्यावर हिरवळ हातची जाण्याची भीती दिसली, पण कस्तुराबाईनं बोलायला वाव दिला नाही. बांध मऊ होता. तिनं साहेबाच्या हातात खुरपं दिलं. मुंबईच्या साहेबानं शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि येरंडवाडीच्या बांधावर ओळीनं कोरफड लावली. मॅडमनं तुळस लावली. पिराजीनं पाणी घातलं, ते त्याचं कामच होतं.

तोवर कस्तुराबाईनं रानातल्या गंजीच्या पेंढ्या उभ्या करून कोप बांधली, चुन्याचे दगड मांडले, पूजा केली आणि पानं वाढली. साहेब म्हणाला की तपासणीवर असताना तो कुणाचं जेवण घेत नाही, तसा नियम आहे. कस्तुराबाई म्हणाली की नियम नदीच्या त्या अंगाला राहिला. येळवशीला रानात आलेला माणूस न जेवता गेला तर तिला वर्षभर झोप लागणार नाही. मॅडमनं नियम काढलाच नाही, तिनं सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता. तिनं भज्जी तीनदा मागून घेतली. साहेबानं आंबिलीचा पहिला पेला तोंड वाकडं करून घेतला आणि पुढचे न मोजता. आंबील पोटात गेली, ऊन अंगावर आलं, आणि कोपीच्या सावलीत साहेब गाढ झोपला.

तो जागा झाला तेव्हा नाव नव्हती. पिराजीही नव्हता. मॅडम हरभऱ्याचे घाटे खात बसली होती. झालं असं होतं की नाव पाण्यात चालते हे श्रीमंतनं काठावरून पाहिलं होतं, आणि तो ज्या ज्या रानात जेवायला गेला तिथं सांगत सुटला होता. पलीकडं जमीन असलेल्या सगळ्या बाया आपापल्या बिंदग्या घेऊन निवाऱ्यापुढं रांगेत उभ्या राहिल्या. पिराजी त्यांना आणायला गेला होता, आणि बाया थांबायला तयार नव्हत्या. प्रवासी निवाऱ्यात पहिल्यांदा प्रवासी होते. दिवे लागत-विझत-लागत होते, ते पल्याडूनही दिसत होतं.

साहेबाला संध्याकाळी लातूरहून रेल्वे पकडायची होती. त्यानं आपल्या खात्याला फोन लावला आणि सांगितलं की मी येरंडवाडीत पलीकडच्या काठावर अडकलोय, नावेची काहीतरी व्यवस्था करा. फोनवरच्या माणसानं त्याला तक्रार नोंदवायला सांगितली. साहेबानं धडपडत, बांधावर उभा राहून, रेंज शोधत आपल्याच खात्यात तक्रार नोंदवली. लगेच उत्तर आलं. त्यानं ते मोठ्यानं वाचलं, कारण त्याचा विश्वास बसेना: येरंडवाडी येथील नावसेवा नियमित सुरू आहे, तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

कस्तुराबाई त्याच्याकडं बघत राहिली. तिला हसू यायला हवं होतं, पण तिला त्याची खरोखर दया आली.

"मला बी हेच येतंय तीन वर्सं," ती म्हणाली. "बसा साहेब. अजून आंबील हाय."

साहेब बसला. त्यानं पेला रिकामा केला. मग त्यानं विचारलं की नाव पुन्हा निवाऱ्यात जाणार नाही यासाठी काय लिहायला पाहिजे. तिथंच मॅडमनं मान वर केली. नाव निवाऱ्यात नसली तर हिरवळ नाही, हिरवळ नसली तर पाचवं पान नाही, आणि पाचवं पान नसलं तर निवाऱ्याला मिळालेली सगळी मंजुरी रद्द होते, मंजुरी रद्द झाली की त्यावर अवलंबून असलेली नावही परत जाते. ही सगळी साखळी तिनं इतक्या वाईट वाटून सांगितली की तिच्यावर रागावताही येईना. ती म्हणाली की झाडं परत काढून न्यावी लागतील.

कस्तुराबाई उठली. ती बांधावर, कोरफडीच्या पुढं जाऊन उभी राहिली. येळवशीच्या दिवशी रानात लावलेलं उपटायचं नाही, असं तिनं सांगितलं. उपटायचंच असेल तर आधी मला उपटा.

मॅडमनं तिच्याकडं बघितलं, कोरफडीकडं बघितलं, आणि मग टेप काढली. तिनं ओळ मोजली, ती नावेतल्यापेक्षा लांब भरली. तिनं मोबाईलमध्ये नियम चाळले. हिरवळ इमारतीला चिकटूनच हवी असं कुठं लिहिलं नव्हतं. इमारतीच्या ताब्यात हवी, इमारतीच्या माणसानं तिला रोज पाणी घालायला हवं, आणि पाणी इमारतीनं साठवलेलं पावसाचं हवं, एवढंच होतं. कस्तुराबाईनं तेवढा बांध कोरफडीच्या नावानं द्यायचं तिथल्या तिथं कबूल केलं. मॅडमनं अहवालात लिहिलं की निवाऱ्याचं हरित अंगण नदीपलीकडं असून तिथं जाण्यासाठी नावेची सोय आहे.

साहेबानं ते वाचलं आणि पहिल्यांदाच दिवसभरात त्याचा चेहरा उजळला. माणसांसाठी नाव रोज सोडा असा हुकूम काढायचा तर त्याला मंजुरी लागते, मंजुरीला बैठक लागते, आणि बैठक कधी लागेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. पण मंजूर झालेल्या हिरवळीची देखभाल म्हणजे चालू काम. त्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही. त्यानं लिहिलं की नाव रोज सकाळ-संध्याकाळ सुटेल, कारण कोरफडीला पाणी घालणे. सोबत देखभालीसाठी गावातली माणसं नेण्यास हरकत नाही.

पिराजी बायांची शेवटची खेप घेऊन आला तेव्हा त्याला हे समजावून सांगितलं. त्याला सगळं कळलं, एकच शंका राहिली. नदीत एवढं पाणी असताना त्या काठावरून ह्या काठावर डब्यात पाणी आणायचं का? साहेब आणि मॅडम दोघंही एकदम हो म्हणाले. पिराजीनं मान डोलावली. सरकारी कामात तो फार खोलात जात नव्हता.

साहेबाची रेल्वे चुकली. पण जाताना त्यानं कस्तुराबाईच्या पाया पडून उरलेल्या आंबिलीची बाटली नेली.

तेव्हापासून येरंडवाडीची नाव रोज सुटते. पुढं पिराजी पावसाच्या पाण्याचा डबा धरून बसलेला असतो, आणि मागं बाया, पोरं, खताची पोती, शेळ्या, कधीमधी नवरानवरी, सगळे कोरफडीच्या देखभालीला निघालेले. इंजिन अजून आलं नाही, त्याची बैठक व्हायची आहे. कस्तुराबाई सगळ्यांत आधी चढते. तिला कोरफड मुळीच आवडत नाही, केसांना लावली तर डोकं चिकटतं असं तिचं मत आहे. तरी तिनं त्या ओळीभोवती बोराट्यांचं काटेरी कुंपण घातलं, थंडी वाढली तेव्हा वर कडबा टाकला, आणि एका पानावर पिवळा डाग दिसला तर तालुक्याहून औषध मागवलं.

एकदा पिराजीनं तिला विचारलं की माय, त्या चार झाडांचं एवढं काय घेऊन बसलीस. रानात ज्वारी आहे, हरभरा आहे, त्याकडं बघ.

कस्तुराबाई डाग पडलेलं पान निरखत होती. ती म्हणाली, "ज्वारी वाळली तर पुन्हा पेरू, पिराजी. मी मेले तर मला जाळून याल. पण ही कोरफड मेली तर नाव बंद. घाल पाणी."

पिराजीनं पाणी घातलं.